कौन्सिल टॅक्स थकून बेलिफची नोटीस आली, ६० दिवस कसे मिळाले (इंग्लंड)

कौन्सिल टॅक्सचे (घरावरचा स्थानिक कर) हप्ते चुकले, रिमाइंडर आला, मग पूर्ण वर्षाची रक्कम एकदम, मग कोर्टाची लायबिलिटी ऑर्डर (थकबाकी वसूल करायला कौन्सिलला परवानगी) आणि शेवटी बेलिफची (घरी येणारा वसुली अधिकारी) नोटीस. कौन्सिलला फोन, ईमेल सगळं करून झालं, डोकं फिरलं नुसतं.

चाललं ते ब्रीदिंग स्पेस, म्हणजे कर्जवसुली काही दिवस थांबवणारी सरकारी योजना. त्याचा अर्ज स्वतः टाकता येत नाही, इथेच गाडी अडते. आधी सगळ्या देण्यांची यादी केली, रेफरन्स नंबर आणि बेलिफ कंपनीच्या नावासकट, मग फुकटवाला डेट अ‍ॅडव्हायझर, म्हणजे कर्ज सल्लागार, गाठला (स्टेपचेंज वगैरे संस्थांचा), उत्पन्न-खर्च भरला, अर्ज त्यानेच टाकला. सुरू झालं की ६० दिवस बेलिफ बंद, यादीतल्या बहुतेक देण्यांचं व्याज-दंडही बंद. कर्ज माफ होत नाही हां! भाडं, वीजबिल भरत राहायचं, २५व्या ते ३५व्या दिवसात रिव्ह्यू होतो आणि तिथे हे थकलेलं दिसलं तर सवलत जाऊ शकते. १२ महिन्यांत एकदाच मिळते, म्हणून पुढच्या हप्त्यांचं याच काळात लेखी ठरवून घेतलं.