बायसची नावं पाठ करून विचार सुधारत नाही! या चुका टाळा

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक आधी. दहा मिनिटांचा व्हिडिओ बघायचा, बायसची, म्हणजे विचार करताना होणाऱ्या ठराविक चुकांची, नावं पाठ करायची आणि समोरच्याच्या तोंडावर फेकायची. आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप सारखा दुरुस्तीला जायचा, मीटिंगमध्ये एक काका म्हणाले एवढा खर्च झालाय तर अजून एकदा बघू, तर एक हुशार पोरगा लगेच उठला, "काका, ही संक कॉस्ट फॅलसी आहे." म्हणजे बुडालेल्या पैशापायी आणखी पैसा घालायची चूक. झालं, काका गप्प, सगळेच गप्प, नवा पंप आला आणि पाणी तरीही चढेना, कारण लोचा पंपात नव्हताच, पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हमध्ये होता. आता गेलेला पैसा मोजू नये हे बरोबरच की, पण त्यावरून नवा पंप घ्या असं कुठे निघतं? इथून पुढे दुरुस्तीला किती, नव्याला किती, बिघाड नक्की कुठे, हे कुणी विचारलंच नाही. मी तरी फॅलसीचं नाव न घेता आक्षेप एका साध्या वाक्यात सांगून बघतो, नाही जमला तर गप्प बसतो.

सिस्टीम 1 (झटपट, आपोआप होणारा विचार) आणि सिस्टीम 2 (सावकाश, मुद्दाम केलेला विचार) हे मेंदूचे दोन कप्पे नाहीत. प्लीज.

"नुकसान फायद्याच्या दुप्पट बोचतं" हा काही निसर्गनियम नाही. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि कानेमन यांच्या 1992 च्या पेपरातला 2.25 हा आकडा, म्हणजे नुकसान फायद्याच्या सव्वादोन पट बोचतं हा, 25 विद्यार्थ्यांवरून आलाय.

आणि "माणूस लॉजिकमध्ये ढच" म्हणणारे. हे मानसशास्त्रज्ञ वेसनच्या 1966 च्या पत्त्यांच्या कोड्यापाशीच थांबतात. ई, के, 4, 7 असे चार पत्ते, एका बाजूला अक्षर, दुसरीकडे आकडा. नियम: एका बाजूला स्वर असेल तर मागे सम आकडा. तपासायला कुठले उलटाल? बहुतेक जण ई आणि 4 म्हणतात, उत्तर ई आणि 7, दहातल्या एखाद्यालाच जमतं. पण 1982 मध्ये ग्रिग्स आणि कॉक्स या संशोधकांनी फ्लोरिडात हाच सांगाडा ठेवून नियम बदलला, बिअर पिणारा 19 च्या वरचा हवा, आणि पत्ते बिअर, कोक, 22, 16, एका बाजूला पेय, दुसरीकडे पिणाऱ्याचं वय. जवळपास पाऊण लोकांनी बिअर आणि 16 बरोबर उचलले! डोकी तशीच होती ना? म्हणून असलं कोडं आलं की मी आधी बघतो की नियम कोण मोडू शकतो. 4 च्या मागे काहीही असो, नियम मोडतच नाही, मग तो उलटून मिळणार काय?