कॉलेजच्या शहरात शिफ्ट होताय? हिशोब करताना या चुका टाळा

मोठ्या शहराची गर्दी, प्रवास, भाडं या सगळ्याला कंटाळून एखाद्या मध्यम आकाराच्या, मोठी युनिव्हर्सिटी असलेल्या शहरात राहायला जायचा विचार आजकाल बरेच जण करतात. विचार चांगलाच आहे. जर्मनीतलं ग्योटिंगेन, नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन, इंग्लंडमधलं केंब्रिज, अमेरिकेतलं मॅडिसन किंवा अ‍ॅन आर्बर, ही सगळी साधारण एक ते तीन लाख वस्तीची शहरं, आणि एवढ्याशा शहरात जेवढी लायब्ररी, व्याख्यानं, संगीत, चांगले डॉक्टर मिळतात तेवढं त्याच आकाराच्या दुसऱ्या शहरात मिळत नाही. पण लोक हिशोब करतात तो फार ढोबळ करतात, म्हणजे इथलं भाडं एवढं, तिथलं भाडं एवढं, फरक एवढा, चला. माझं म्हणणं एकच आहे की असं शहर वर्षभर एकसारखं नसतं आणि तिथे राहणाऱ्या सगळ्यांसाठीही एकसारखं नसतं, त्यामुळे सरासरी बघून घेतलेला निर्णय इथे हमखास फसतो.

चूक पहिली: सुट्टीत जाऊन शहर बघणं

बहुतेक लोक स्वतःला सुट्टी असते तेव्हा शहर बघायला जातात आणि नेमकी तेव्हा कॉलेजलाही सुट्टी असते. रस्ते मोकळे, पार्किंग मिळतंय, कॅफेत निवांत जागा, वाटतं किती शांत गाव आहे. मग सेमिस्टर सुरू झाल्यावर तीच गल्ली रात्री दोनपर्यंत जागी असते. उलटंही होतं, ऐन सेमिस्टरमध्ये जाऊन आलेला माणूस उत्साहाने भारावून येतो आणि नंतर उन्हाळ्यात शहर अर्धं रिकामं झाल्यावर त्याला करमत नाही, काही दुकानं वेळ कमी करतात, बसच्या फेऱ्या कमी होतात.

त्यामुळे दोनदा जा, एकदा सेमिस्टर चालू असताना आणि एकदा सुट्टीत. आणि जे घर बघताय त्या गल्लीत वीकेंडला रात्री उशिरा एक चक्कर मारा, सकाळी अकरा वाजता सगळ्याच गल्ल्या शांत असतात. जिथे कॉलेजचे सामने ही मोठी गोष्ट असते तिथे सामन्याचा दिवसही बघून घ्या. अ‍ॅन आर्बरचं उदाहरण देतो, तिथल्या मिशिगन स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे आणि २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या होती साधारण १ लाख २४ हजार. म्हणजे सामन्याच्या शनिवारी जवळजवळ एक अख्खं शहर एका मैदानात बसलेलं असतं, मग त्या दिवशी तुम्हाला गाडी काढून दवाखान्यात जायचं असेल तर काय, हा विचार आधी करायचा असतो.

चूक दुसरी: सरासरी भाडं आणि सरासरी उत्पन्न बघून निष्कर्ष काढणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्पन्न. अमेरिकेत जनगणनेत विद्यार्थी आई-वडिलांच्या घरी मोजले जात नाहीत, ते जिथे शिकायला राहतात तिथेच मोजले जातात. कॅम्पसबाहेर खोली घेऊन राहणारी हजारो मुलं, ज्यांचं स्वतःचं उत्पन्न जवळजवळ नसतं, ती शहराच्या आकड्यात येतात आणि मग कागदावर शहर गरीब दिसतं, गरिबीचं प्रमाण जास्त, सरासरी उत्पन्न कमी. हे बघून कोणी म्हणतं शहर स्वस्त असणार आणि कोणी म्हणतं वस्ती धोक्याची असणार. दोन्ही चूक. तुम्हाला बघायचे असतात ते तुमच्या वयोगटातल्या, कुटुंब करून राहणाऱ्या लोकांचे आकडे, आणि ते वेगळे काढलेले असतात, शोधले की सापडतात.

आता भाडं. विद्यार्थी घर भाड्याने घेतात ते माणशी हिशोबाने. चार बेडरूमच्या घरात चार मुलं राहतात आणि चार घरून पैसे येतात. तुम्ही कुटुंब म्हणून तेच घर बघायला जाता तेव्हा तुमच्या एका किंवा दोन पगारांची स्पर्धा चार पाकिटांशी असते! म्हणून अशा शहरात एक खोलीची जागा परवडते असं वाटतं पण कॅम्पसजवळचं तीन-चार बेडरूमचं घर तिथल्या पगाराच्या मानाने चांगलंच महाग निघतं. जाहिरातीत लिहिलेलं भाडं अख्ख्या घराचं आहे की एका बेडचं, हा पहिला प्रश्न विचारा, बरेच लोक बेडचा आकडा घराचा समजून खुश होतात.

उपाय सोपा आहे, कॅम्पसपासून जसजसं लांब जाल तसतसा हा परिणाम कमी होतो. कॅम्पसवरून चालत येता येईल आणि बसने वीस-पंचवीस मिनिटं लागतील अशा दोन अंतरांवरच्या सारख्याच घरांची भाडी शेजारी मांडून बघा. आणि लांबच्या घराच्या हिशोबात गाडीचा खर्च धरा, बस फक्त कॅम्पसभोवती चांगली आणि बाकी शहरात तासाला एक अशी परिस्थिती बऱ्याच ठिकाणी असते.

चूक तिसरी: घर शोधायची वेळ चुकवणं

इथे घरांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते कॉलेजबरोबर सुरू होतं. मॅडिसनमध्ये विद्यार्थी भागातले बरेचसे करार १४ ऑगस्टला संपतात आणि नवे १५ ऑगस्टला सुरू होतात, म्हणजे एका दिवसात हजारो लोक घर बदलत असतात, टेम्पो मिळत नाही, आणि कित्येकांना मधली एक रात्र सामानासकट कुठे काढायची हा प्रश्न पडतो. पुढच्या वर्षीची घरं तर त्याच्या कितीतरी महिने आधी लागलेली असतात. अ‍ॅन आर्बरमध्ये घरमालकांनी किती आधीपासून घर दाखवायचं आणि करार करायचे यावर शहराला नियम करावा लागला, एवढी ती घाई होती.

मग ऐन ऑगस्टमध्ये नोकरी लागली म्हणून घर शोधायला गेलेल्या माणसाला उरलंसुरलं मिळतं. शक्य असेल तर सीझनच्या बाहेर जा, वर्षाच्या मध्ये कोणीतरी सोडून गेलेलं घर उरलेल्या महिन्यांसाठी घेता येतं आणि तेव्हा घासाघीस करायला थोडी जागा असते. करार करताना शेवटची तारीख नीट बघा आणि करार वाढवायचा की नाही हे किती आधी कळवायचंय तेही, कारण ही मुदत इथे खूप लवकर येते.

चूक चौथी: फक्त एकाच्या नोकरीचा विचार

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. एकाला युनिव्हर्सिटीत नोकरी लागते, घरात आनंद होतो, सामान बांधलं जातं, आणि दुसऱ्याचं "बघू तिथे गेल्यावर". आणि गेल्यावर कळतं की शहरात सगळ्यात मोठी कंपनी म्हणजे युनिव्हर्सिटी, दुसरी मोठी म्हणजे युनिव्हर्सिटीचंच हॉस्पिटल, आणि उरलेली दुकानं, हॉटेलं, जिथे विद्यार्थी कमी पैशात अर्धवेळ काम करायला तयार असतात. शिकलेले लोक भरपूर आणि त्यांना काम देणारा जवळजवळ एकच, तर पगार वाढायला कारणच राहत नाही. मोठ्या शहरात नोकरी आवडली नाही तर दुसरीकडे जाता येतं, इथे नोकरी बदलायची म्हणजे शहर बदलायचं असं होऊन बसतं.

सगळी शहरं अशी नसतात, आणि हाच फरक आधी तपासायचा असतो. मॅडिसन ही विस्कॉन्सिनची राजधानीही आहे त्यामुळे सरकारी नोकऱ्या आहेत, आणि शेजारच्या व्हेरोनात हॉस्पिटलांची सॉफ्टवेअर बनवणारी एपिक ही मोठी कंपनी आहे. केंब्रिजमध्ये चिप डिझाइन करणारी आर्म आहे, औषध कंपन्या आहेत. पण खाजगी कंपनी आहे म्हणून ती कायम राहील असंही धरू नका. २००७ मध्ये फायझरने अ‍ॅन आर्बरमधलं संशोधन केंद्र बंद करायचं जाहीर केलं, दोन हजारांच्या आसपास नोकऱ्या होत्या तिथे, आणि पुढे २००९ मध्ये ती सगळी जागा युनिव्हर्सिटीनेच विकत घेतली. म्हणजे एक मालक गेला आणि दुसरा अजून मोठा झाला.

तर जायच्या आधी दोघांनी बसून एक काम करा. युनिव्हर्सिटी सोडून, रोज जाऊन येता येईल एवढ्या अंतरात, दुसऱ्याला करता येतील अशा नोकऱ्यांच्या आजच्या जाहिराती शोधा. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही सापडल्या नाहीत तर भाड्यात वाचणारे पैसे विसरा, कारण एक पगार बंद झाल्यावर ते कुठेच पुरत नाहीत. काही युनिव्हर्सिट्या नवरा-बायको दोघांसाठी नोकरीची मदत करतात, पण ते ऑफर स्वीकारण्याआधी विचारायचं असतं, नंतर विचारलं तर तुमच्या हातात काहीच नसतं. रिमोट काम करणाऱ्यांनी कंपनीला लेखी विचारून घ्या की राहायचं ठिकाण बदललं की पगार बदलतो का, काही कंपन्या कमी करतात.

टॅक्स, तब्येत, प्रवास: जे खर्च भाड्यात दिसत नाहीत

अमेरिकेत युनिव्हर्सिटीच्या शैक्षणिक जमिनीवर सहसा प्रॉपर्टी टॅक्स नसतो, आणि शहराचा मोठा आणि मोक्याचा भाग तिचाच असतो. रस्ते, पोलीस, फायर ब्रिगेड तर सगळ्यांनाच लागतात, मग भार उरलेल्या घरांवर येतो. काही ठिकाणी युनिव्हर्सिटी आपणहून शहराला रक्कम देते, न्यू हेवन शहराला तिथली येल युनिव्हर्सिटी देते, पण ते सगळीकडे नाही. इंग्लंडमध्ये ज्या घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी आहेत त्या घराला कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक पालिकेचा घरावरचा कर, माफ असतो. म्हणून घर घेणार असाल तर हप्त्याबरोबर टॅक्सचा आकडाही मागून घ्या.

हॉस्पिटलचं लोक गृहीत धरतात. युनिव्हर्सिटी आहे म्हणजे मेडिकल कॉलेज असेलच असं नाही, आणि असलं तरी मोठा स्पेशालिस्ट मिळतो पण साधा फॅमिली डॉक्टर नवीन पेशंट घेत नाही असं होऊ शकतं. कोणाला जुना आजार असेल तर जायच्या आधी फोन करून पहिली अपॉइंटमेंट कधीची मिळेल ते विचारा. लायब्ररी बाहेरच्यांना कार्ड देते का तेही. आणि विमानतळ छोटा असतो, दरवेळी एक फ्लाइट बदलून जावं लागतं, म्हातारे आई-वडील लांब असतील तर वर्षाला किती वेळा जायचंय तो खर्च आणि तो वेळ दोन्ही लिहून काढा.

फायदे मोजताना स्वतःला विसरणं

आठवड्याला दहा कार्यक्रम होतात, पण तुम्ही त्यातल्या कितींना जाल? आत्ता जिथे राहता तिथे गेल्या वर्षभरात तुम्ही किती व्याख्यानांना, मैफिलींना गेलात तेवढेच तिथेही जाल, फार तर थोडे जास्त कारण अंतर कमी आहे. घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर मात्र फायदा खरा असतो, आजूबाजूला शिकलेलं वातावरण, सुट्टीतले वर्ग, म्युझियम, जगभरातून आलेल्या कुटुंबांची मुलं वर्गात, याची किंमत पैशात काढता येत नाही आणि काढूही नये.

एकट्याने राहणाऱ्या तिशीतल्या माणसाने मात्र नीट विचार करावा. बाहेर पडलं की सगळे एकवीस-बावीसचे, आणि आपल्या वयाचे बहुतेक संसारात. शिवाय माणसं टिकत नाहीत, विद्यार्थी तीन-चार वर्षांत जातात, पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर तात्पुरत्या संशोधनाच्या कामावर आलेले लोक, दोन-तीन वर्षांत, नव्या प्राध्यापकांपैकीही सगळे कायम होत नाहीत. जीव लावलेली माणसं दर उन्हाळ्यात सामान बांधताना बघणं जड जातं हो. त्यामुळे ओळखी युनिव्हर्सिटीच्या बाहेरही करा, गावातला पोहण्याचा क्लब, गायनाचा ग्रुप, शाळेतले पालक, जिथे वर्षानुवर्षं तिथेच राहणारे लोक येतात.

गेल्या गेल्या घर विकत घेणं

"विद्यार्थ्यांना भाड्याने दिलं की हप्ता निघेल" हे गणित बरेच एजंट सांगतात. पण एका घरात नात्यात नसलेली किती माणसं राहू शकतात यावर अनेक शहरांत मर्यादा असते, इंग्लंडमध्ये तर बऱ्याच कौन्सिलांनी घराचं रूपांतर शेअरिंगच्या घरात करायला वेगळी परवानगी लागू केलीय. शेजारी मोठी हॉस्टेल इमारत उभी राहिली की भाडं पडू शकतं. आणि ती युनिव्हर्सिटी स्वतः कशी चाललीय हेही बघा. अमेरिकेत २००७ नंतर जन्म कमी होत गेले, त्यामुळे आता अठरा वर्षांच्या मुलांची संख्या उतरणीला लागतेय, त्याचा फटका राज्याच्या मोठ्या नावाजलेल्या युनिव्हर्सिटीला कमी आणि छोट्या प्रादेशिक कॉलेजांना जास्त बसतो. गेल्या पाच-सहा वर्षांचे प्रवेशाचे आकडे उघड असतात, ते सलग घसरत असतील तर विकत घेऊ नका. निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष भाड्याने राहा.

आधीच गेलायत आणि जमत नाहीये?

आवाजाचा त्रास असेल तर सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुलांना जाऊन भेटा, नंबर द्या, बहुतेक मुलं समजूतदार असतात आणि तेवढ्याने फरक पडतो. नाही पडला तर युनिव्हर्सिटीत कॅम्पसबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ऑफिस असतं का बघा, पोलिसांच्या आधी तिथे जा.

बजेट कोलमडलं असेल तर शहरावर राग काढायच्या आधी बघा की गळती कुठे आहे. ती भाड्यात असेल तर पुढच्या कराराच्या आधी कॅम्पसपासून लांब सरका, गाडीत असेल तर बसच्या रूटवरचं घर शोधा. पण दुसरा पगारच नाही हे कारण असेल तर घर बदलून काही होणार नाही, तेव्हा आधी त्या नोकरीचं बघा, जवळच्या दुसऱ्या शहरात आठवड्यातून दोन-तीन दिवस जाऊन करता येईल अशी असली तरी. आणि हे सगळं करार वाढवायची तारीख यायच्या आधी ठरवा, नाहीतर अजून एक वर्ष तिथेच अडकाल.