जुनी तसबीर शिळाछापाची की ऑफसेटची, हे कसे ओळखावे

पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर असलेली लक्ष्मीची किंवा सरस्वतीची तसबीर कोणत्या पद्धतीने छापली गेली, हे पाहण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि खिडकीतला उजेड पुरेसा असतो. सुरुवात देवीच्या गालापासून करावी. कातडीची मऊ छटा उतरवणे हे छपाईतले मोठे अवघड काम असल्यामुळे कारागिराचा हात तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

गालावरचे ठिपके लहानमोठे, कुठे दाट, कुठे विरळ आणि कोणत्याही ओळीत न बसणारे दिसले, तर चित्र बहुधा शिळाछापाचे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत सेनेफेल्डरने शोधलेली ही पद्धत तेल आणि पाण्याच्या वैरावर उभी आहे: चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे आणि शिळा ओली करायची, म्हणजे छपाईची शाई फक्त रेखाटलेल्या भागालाच धरते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची शिळा वेगळी लागे. मूळ तैलचित्रातली एक सलग छटा किती रंगांत फोडायची आणि कोणत्या रंगाचे ठिपके कुठे किती दाट द्यायचे, हे कारागीर नजरेने ठरवत असे. पुण्यात 1878 मध्ये चित्रशाळा प्रेस निघाला, 1894 मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला, आणि घरोघरी पोहोचलेले देवदेवतांचे चेहरे अशा शिळांवरून उमटले. म्हणून त्या चेहऱ्यांचे निम्मे श्रेय या अनाम कारागिरांना द्यायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

त्यानंतर पदराची किंवा मुकुटाची कड पाहावी. शिळा तंतोतंत जुळली नसेल, तर एखादा रंग रेषेबाहेर केसभर सरकलेला दिसतो. कागद तिरपा धरल्यावर रोगणाची चमक किंवा कॅनव्हाससारखी दाबलेली वीण दिसली, तर ते तैलचित्राचा भास देणारे ओलिओग्राफ असण्याची शक्यता वाढते. खालच्या समासात छापखान्याचे नावही शोधावे. रविवर्मा प्रेस पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. मात्र चौकटीत बसवताना हा समास पुष्कळदा कापला जाई.

ऑफसेट म्हणजे धातूच्या पत्र्यावरची शाई आधी रबरी रुळावर आणि मग कागदावर उतरवणारी नंतरची पद्धत. तिच्या चित्रात निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार रंगांचे ठिपके ठरावीक अंतरावर बसून छोट्या फुलांसारखी नक्षी करतात. येथे रंग कॅमेऱ्याने आणि छटांचे ठिपके पाडणाऱ्या जाळीने वेगळे केलेले असल्यामुळे चित्रकार आणि कागद यांच्यामधला शिळेवरचा कारागीर नाहीसा झाला, आणि शिळेला काय पेलवेल याचा विचार न करता चित्रकाराला रंगवता येऊ लागले.

सर्वांत जास्त फसवणूक जुन्या ओलिओग्राफवरून नव्याने छापलेल्या प्रतींत होते. साध्या डोळ्यांना त्यांत हाताने दिलेले ठिपके दिसतात, परंतु भिंगाखाली तो प्रत्येक ठिपका नियमित बारीक ठिपक्यांचा बनलेला आढळतो. ही खूण सापडली, की समासातल्या जुन्या नावावर विसंबू नये.

तपासणीसाठी चौकट उघडताना कागद काचेला चिकटलेला आढळल्यास तो ओढू नये आणि ओल्या फडक्याने पुसू नये. साडीवर जर किंवा टिकल्या चिकटवलेल्या असतील, तर त्याही काढू नयेत.