धूर दिसायच्या आधी: कोळसा खाणीतलं पहिलं वर्ष

मायनिंगचा डिप्लोमा करून मी सोलापूरहून चंद्रपूरकडच्या एका भूमिगत खाणीत रुजू झालो, तेव्हा घरच्यांना भीती होती छत कोसळण्याची. आगीचं कुणाच्याच मनात नव्हतं, माझ्याही. यंदा आमच्या भागातली दोन मुलं त्याच वाटेनं निघालीत, म्हणून हे लिहितोय.

खाणीत आग लागायला काडी लागत नाही. ओलसर कडब्याची गंज आतून कशी तापते, ते आपल्याकडं सांगायला नको. कोळसा तापतो तो हवेतल्या ऑक्सिजननं. कोळसा काढून झालेल्या भागात, म्हणजे गोफमध्ये, चुरा उरतो. तिथं ऑक्सिजन मिळण्याइतकी हवा पोचते, पण उष्णता वाहून नेण्याइतकी नाही. खरा धोका या अर्धवट हवेचा. म्हणूनच पॅनल, म्हणजे कोळसा काढायला आखलेला भाग, मुदतीत संपवून स्टॉपिंग, म्हणजे आडभिंत, बांधून बंद करतात.

आधी छताला, भिंतींना घाम येतो, मग धूसरपणा, मग रॉकेलसारखा वास. वासाची वाट पाहिलीत तर उशीर झाला. त्याच्या आधी वाढतो कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला ना रंग ना वास. हवेच्या नमुन्यावरून ग्रॅहम रेशो काढतात: घटलेल्या ऑक्सिजनच्या शेकडा किती कार्बन मोनॉक्साइड तयार झाला. ०.५ च्या आत साधारण ठीक, १ च्या वर तापणं सुरू, ३ च्या पुढं आग आहे असंच धरायचं. पण एकट्या आकड्यावर विसंबू नका, रीडिंगच्या वहीची मागची पानं उलटा.

मी ती उलटली नव्हती. पहिल्या पावसाळ्यात एका स्टॉपिंगजवळचं रीडिंग तीन आठवडे थोडं थोडं चढत होतं. दर वेळी मर्यादेतच, म्हणून मी लिहायचो आणि पुढं जायचो. आमच्या ओव्हरमननं, म्हणजे शिफ्टवर देखरेख करणाऱ्या वरिष्ठांनी, तिन्ही पानं शेजारी शेजारी धरली, तेव्हा माझे हातपाय गार पडले. स्टॉपिंगला बारीक भेग होती. त्याच शिफ्टमध्ये ती बुजवली.

त्यांनीच मला बॅरोमीटर बघायला शिकवलं. बाहेरचा दाब उतरला की बंद भाग आतली हवा सोडतो, चढला की बाहेरची ओढतो. चढत्या दाबात नमुना घेतलात तर स्टॉपिंगमधून आत घातलेल्या नमुन्याच्या पाइपातून ताजीच हवा हाती येते आणि सगळं छान दिसतं.

गॅस टेस्टिंगचं प्रमाणपत्र लवकर मिळवा. आणि कमरेचा सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे विषारी हवेत श्वास घ्यायचं उपकरण, डोळे मिटून तोंडाला लावायचा सराव करा, धुरात तो दिसणार नाही.