कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागा: धुक्याची वाट धरून कसं हिंडावं

माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं. घरात तीन पिढ्या द्राक्षं. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला राहायला आले त्याला आता सोळा वर्षं झाली. वडील, म्हणजे आमचे अण्णा, पहिल्यांदा इकडे आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "तो गोल्डन गेट पूल नंतर बघू. आधी इथली बाग दाखव." अण्णा माळकरी आहेत, वाइन तोंडाला लावत नाहीत. त्यांना बागाईतदाराच्या नजरेनं हा मुलुख दाखवता दाखवता तो मलाही पहिल्यांदा नीट उमगला. आता कुणाचे आई-वडील आले, सासरे आले की फोन येतो, "वाइन कंट्रीला कुठे न्यायचं?" त्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

नकाशा उघडलात तर आधी उत्तर-दक्षिण विसरा. उत्तरेला थंड आणि दक्षिणेला गरम हा हिशेब इथे चालत नाही. प्रशांत महासागराचं पाणी या किनाऱ्याला भर उन्हाळ्यातही गार असतं. आतलं मोठं खोरं, सॅक्रामेंटोपासून फ्रेस्नोच्याही पलीकडे पसरलेलं, दुपारी तापतं. तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत ओढली जाते. पण मध्ये डोंगर आहेत. त्यामुळे जिथे खिंड, तिथूनच धुकं शिरतं. तेव्हा नकाशावर खिंडी शोधायच्या. सॅन फ्रान्सिस्को खाडीचं तोंड ही एक. पेटालुमाची खिंड दुसरी. पासो रोबल्सजवळची टेम्पलटनची तिसरी. खिंडीच्या तोंडाशी पिनो न्वार आणि शार्डोने या वाइनच्या द्राक्षांच्या जाती, आत उन्हात कॅबर्ने आणि झिन्फान्डेल या जाती, असं ढोबळ गणित मांडलंत तर सहसा चुकणार नाही.

सांता बार्बराकडे तर डोंगरच पूर्व-पश्चिम आडवे पडलेत, त्यामुळे समुद्र थेट आत येतो. लॉस एंजेलिसच्या इतक्या जवळ असूनही सांता रिटा हिल्समध्ये पिनो न्वार पिकतं, ते यामुळेच.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर नापाला जा, आणि गाडीतल्या तापमानाच्या आकड्यावर लक्ष ठेवा. ऑगस्टमधल्या एका दुपारी आम्ही दक्षिणेच्या टोकाला, कार्नेरोसला होतो तेव्हा आकडा ६८ फॅरनहाइट होता. सिल्व्हराडो ट्रेल या रस्त्यानं वर गेलो. ओकव्हिल, रदरफोर्ड, सेंट हेलेना करत कॅलिस्टोगाला पोचलो तेव्हा ९१. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढून हवा पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे निफाड आणि जळगाव एकाच शिवारात." त्यांच्या या एका वाक्यानं मला नापा कळलं. त्याला समांतर जाणाऱ्या हायवे २९ वर शनिवार-रविवारी फार गर्दी होते, म्हणून सिल्व्हराडो ट्रेलच घ्या आणि मधल्या वारी जा. नापात बहुतेक ठिकाणी आधी वेळ ठरवावी लागते, आणि चव घ्यायला माणशी पन्नास डॉलर किंवा त्याहून जास्त मोजायची तयारी ठेवावी लागते. दिवसाला दोन जागा पुरे. तिसरीला कुणाची जीभ जागेवर नसते. गाडी चालवणाऱ्यानं चव घेऊन थुंकावं किंवा घेऊच नये. थुंकायला प्रत्येक टेबलावर भांडं असतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

नापाचं नाव झालं ते १९७६ मध्ये. पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी नावं झाकून वाइन चाखल्या, आणि लाल वाइनमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची कॅबर्ने, पांढऱ्यात शॅटो मॉन्टेलेनाची १९७३ ची शार्डोने पहिली आली. दोन्ही जागा आजही पाहता येतात. पण एक सांगते: कॅलिफोर्नियाच्या एकूण वाइनमध्ये नापाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपासच आहे. फक्त नापा पाहून परतणं म्हणजे लासलगाव पाहून नाशिक जिल्हा पाहिला म्हणणं.

नापाच्या शेजारचं सोनोमा मोठं आहे आणि सावकाश बघण्याचं आहे. हील्ड्सबर्ग गावात मुक्काम करा. एका बाजूला रशियन रिव्हरचं धुकं, दुसऱ्या बाजूला ड्राय क्रीकचं झिन्फान्डेल, तिसरीकडे अलेक्झांडर व्हॅलीची कॅबर्ने. इथलं आणि आपलं एक नातंही आहे. कॅलिफोर्नियातून परतलेल्या राजीव सामंतांनी नाशिकला सुला ही वायनरी उभी केली तेव्हा सोनोमाचे वाइनमेकर केरी डॅमस्की त्यांच्या मदतीला होते. सुलाची पहिली वाइन बाजारात आली २००० मध्ये.

घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर मी आधी लिव्हरमोरच सुचवते. फ्रीमाँटहून नाइल्स कॅन्यनच्या रस्त्यानं पाऊण तास. सकाळी शिव-विष्णू मंदिरात दर्शन घ्यायचं, प्रसादाचं जेवण करायचं, आणि मग बागा. वेंटे आणि कॉनकॅनन या दोन्ही वायनरी १८८३ पासूनच्या आहेत. कॅलिफोर्नियातली पुष्कळशी शार्डोने वेंटेंच्या बागेतल्या काड्यांवरून वाढलेली आहे. माळकरी माणसालाही इथे कंटाळा येत नाही, कारण बाग अगदी टेबलाला लागून असते.

बागेत काय बघायचं? इथे वर्षातून एकच छाटणी, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. आपल्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी नाही, कारण थंडीत वेल स्वतःच झोपतो. मार्चमध्ये डोळे फुटतात, काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाही, म्हणून डाउनी या बुरशीची धास्ती नाही. भुरी ही दुसरी बुरशी मात्र आहे, आणि तिच्यावर मारलेल्या गंधकाचा ओळखीचा वास आला तेव्हा अण्णा हसले. मणी बोरापेक्षाही लहान, साल जाड, आत बिया. आपण खायची द्राक्षं साधारण १६ ते १८ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) काढतो. इथे कॅबर्ने २४-२५ पर्यंत वेलीवर ठेवतात. अण्णांनी खिशातून साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला तेव्हा बागेतल्या माणसानं स्वतः एक मणी तोडून दिला. विचारल्याशिवाय घडाला हात लावू नका.

फेब्रुवारीत आलात तर वेली उघड्या असतात, पण ओळींमधून मोहरी फुललेली असते, गर्दी नसते आणि छाटणी बघायला मिळते. शेतकरी पाहुण्यांसाठी हाच महिना चांगला. सप्टेंबर-ऑक्टोबरला येणार असाल तर वणव्याच्या धुराच्या बातम्या आधी पाहून घ्या.

बाटली घ्यायची तर लेबल वाचायला शिका. द्राक्षाच्या जातीचं नाव असेल तर त्या जातीचा वाटा किमान ७५ टक्के. 'नापा व्हॅली' किंवा 'लोडाय' असा ठरीव प्रदेश असेल तर ८५ टक्के द्राक्षं तिथली. नुसतं 'कॅलिफोर्निया' असेल तर सगळी द्राक्षं याच राज्यातली, पण राज्यात कुठलीही. दहा-बारा डॉलरला रोजच्या जेवणाबरोबर मला लोडायचं झिन्फान्डेल आवडतं. भरल्या वांग्यांसोबत ते चांगलं लागतं, गोडा मसाला असला तरी.

आणि लोडायला जाच. फ्रीमाँटहून दीड तासाच्या आत. वाळूमिश्रित जमीन आहे, त्यात मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड फारशी टिकत नाही, म्हणून काही जुन्या वेली दुसऱ्या खुंटावर कलम न करता स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. बेक्थोल्ड बागेतल्या सिन्सो जातीच्या वेली १८८६ ची लागवड. ना मांडव, ना तार, इंग्रजी 'वाय'च्या आकाराचा आधार पण नाही. मांडीएवढी खोडं, एकेक सुटी उभी. आमच्याकडे पंधरा-अठरा वर्षांत बाग उपटतात. अण्णा रस्त्याच्या कडेला उभे राहून बराच वेळ बघत होते. टोपी काढली, पुन्हा घातली.

मग त्यांनी विचारलंच, "एखादी काडी नेता येईल का?" तुमच्याही घरचे विचारतील. उत्तर एकच: नाही. परवाना आणि विलगीकरणाशिवाय काडी, पान, माती काही न्यायचं नाही. बागेत फिरलेले बूटही परतण्याआधी धुवा. आपल्याकडच्या थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाचं नावसुद्धा इथल्याच युबा सिटीजवळच्या विल्यम थॉम्पसन यांचं, ती जात पुढे आपल्याकडे आली आणि तासगावकडे तिच्यातूनच तास-ए-गणेश ही जात निघाली, हे मी अण्णांना गाडीत सांगितलं. युबा सिटी लोडायहून उत्तरेला दीड-पावणेदोन तासांवर आहे. त्यांनी लगेच विचारलं, "मग आज जमेल का?"