आधी कुत्रं मोजा, मग होडी आखा

कवठेमहांकाळला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आमच्या घराण्यात होडीत बसलेला मी पहिलाच. आजोबांच्या काळात या तालुक्यात होडी बुडेल एवढं पाणी होतं कुठं? म्हैसाळ योजनेचं पाणी आमच्या तलावात यायला लागलं आणि थंडीत पाण्यावर चक्रवाक, थापट्या, वारकरी ही पाखरं दिसायला लागली. काठावरून फोटो काढायला गेलं की पाखरं पाण्याच्या मधोमध जातात. म्हणून होडी. आणि मी निघालो की खंड्या दारात आडवा पडतो, म्हणून होडीत कुत्र्याची जागा.

खंड्या कारवानी जातीचा आहे. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, २४ किलो. नाव पाणपक्ष्याचं असलं तरी पाणी त्याला आवडत नाही. हलणारी वस्तू दिसली की मात्र तो पाणी-बिणी बघत नाही.

बदकांसाठीच्या होडीचे आराखडे शोधायला गेलं की सगळे शिकाऱ्यांचेच सापडतात. अमेरिकेत न्यू जर्सीच्या बार्नेगट खाडीवर हेझल्टन सीमन नावाच्या कारागिरानं १८३६ च्या सुमारास ‘स्नीकबॉक्स’ बांधली. लांबी १२ फुटांच्या आसपास, पाण्यालगत बसकी, वरून बरीचशी झाकलेली. वर गवत पसरून शिकारी आत दडायचा. तिकडच्या कुत्र्याचं काम गोळी लागलेलं बदक पाण्यातून उचलून आणायचं, म्हणून त्याला उडी मारायला नि परत चढायला जागा ठेवतात. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ही शिकार गुन्हा आहे. कायद्याच्या व्याख्येत नुसती बंदूक येत नाही, जनावर हाकणं आणि सापळा लावणंही शिकारच. कुत्रं पाखरांवर सोडलं तर ‘मी फक्त फोटो काढत होतो’ हे म्हणणं टिकणार नाही. तेव्हा आराखडा त्यांचा घ्या, पण कुत्र्याचा कप्पा उलटा विचार करून आखा. त्याला सहज उडी मारता येऊ नये आणि आडवं पडल्यावर पाखरं दिसू नयेत.

माझी पहिली चूक इथंच झाली. मी आधी होडी काढली नि उरलेल्या जागेत कुत्रं बसवलं. सुरुवात कुत्र्यापासून करा. ते झोपलं की भोवती खडूनं रेघ मारा. खंड्याची भरली २६ बाय २२ इंच. पण कुत्रं पडायच्या आधी स्वतःभोवती फिरतं, आमचं तर दोन-अडीच फेऱ्या मारतं, म्हणून कप्पा ३० बाय ३० इंच धरला. नंतर दुकानातल्या शहाबादी फरशीवर अख्खी होडी खऱ्या मापात काढली, १२ फूट लांब नि ३ फूट रुंद. आत मी बसलो, खंड्याला बसवलं, कॅमेऱ्याची बॅग ठेवली. कागदावर सगळं मजेत मावत होतं. फरशीवर माझे पाय सरळ त्याच्या तोंडात जात होते. गुडघे वाकवून बसायचं ठरलं आणि बैठक जमिनीपासून ४ इंचांवर आली. गिऱ्हाईकांच्या मोटारी आठवडाभर दुकानाबाहेर होत्या. दुकानातल्या पोराला मी रेघा पुसू दिल्या नाहीत.

आता वजन. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला नाव उलटली ते आमच्या सांगली जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही, नावेत माणसं जास्त झाली होती. म्हणून लाकूड आणण्याआधी हा हिशेब वहीत मांडा. सपाट तळाच्या होडीला तो सोपा आहे. माझ्या तळाचा सपाट भाग ८ फूट बाय ३ फूट, म्हणजे २४ चौरस फूट. तो एक इंच बुडाला की २ घनफूट पाणी बाजूला सरतं. एका घनफूट पाण्याचं वजन २८ किलोच्या थोडं वर, म्हणजे दर इंचाला साधारण ५६ किलो. होडी ६० किलो, मी ७२, खंड्या २४, आणि बॅग, वल्ही, नांगराचा दगड, पिण्याचं पाणी मिळून २०. झाले १७६. होडी तीन इंचांपेक्षा जरा जास्त बसणार. बाजू १४ इंच उंच ठेवली तर पाण्याच्या वर साडेदहा-अकरा इंच उरतात. आमच्या तलावाला ते बस्स झालं. तिसरा गडी ‘मी पण येतो’ म्हणाला तर त्याला ही वही दाखवायची.

एकूण वजनाइतकंच ते कुठं बसतं हेही बघावं लागतं. जत्रेतल्या फळीच्या झोक्याचं गणित लावा. मी होडीच्या मध्यापासून १ फूट मागं बसलो तर ७२ गुणिले १. खंड्या मध्यापासून ३ फूट पुढं, २४ गुणिले ३. दोन्हीकडं ७२, होडी समतोल. तुमचं कुत्रं ३५ किलोचं लॅब्रॅडॉर असेल तर त्याला पुढून मागं ओढा. कप्प्याला चारी बाजूंनी ८ इंचांची फळी लावा, म्हणजे ते एकदम एका कडेला सरकत नाही. तुम्ही आणि कुत्रं एकाच वेळी एकाच बाजूला वाकलात, तर सपाट तळही तुम्हाला वाचवत नाही. कप्प्याच्या पुढं मी १८ इंचांची तिरकी झडप ठेवली आहे. बाजूच्या वर डोकं काढलं तरी त्याला समोरचं काही दिसत नाही.

प्लायवूड ‘७१०’ शिक्क्याचंच घ्या, मरीन प्लायचा आयएस ७१०. दुकानदार ‘बीडब्ल्यूआर (त्याच्या खालच्या प्रतीचं प्लाय) पण वॉटरप्रूफच’ म्हणेल. ते स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठीक आहे. ८ बाय ४ चे तीन ताव पुरतात, पण कापायचं कसं ते आधी ठरवा. बाजूंसाठी ६ मिमीचा एक ताव घ्या नि त्याच्या १४ इंच रुंद, ८ फुटी तीन पट्ट्या काढा. तिसरी मधोमध कापली की दोन चार-फुटी तुकडे होतात. आठ नि चार बारा, दोन्ही बाजू एका तावात बसल्या. तळाला ९ मिमीचे दोन ताव, एकातून ८ बाय ३ आणि दुसऱ्यातून ४ बाय ३. उरलेल्यात दोन्ही टोकांच्या आडव्या फळ्या, कुत्र्याचा कप्पा नि बैठक निघते. जोडावर आतून ८ इंच रुंद पट्टी चिकटवा. तळाचा जोड मागच्या टोकापासून ४ फुटांवर आणि बाजूंचा पुढच्या टोकापासून ४ फुटांवर ठेवा. सगळे जोड एका रेषेत आले तर होडी तिथंच मोडेल.

दोन्ही टोकांना तळ शेवटच्या २ फुटांत ४ इंच वर उचला. त्याहून जास्त उचलायला गेलात तर ९ मिमीचा प्लाय कुरकुरतो. पुढचं टोक टोकदार करू नका, आडवं आणि उताराचं ठेवा. पाण्यात पडलेलं कुत्रं कडेनं चढवलं तर होडी कलते, पुढच्या उतारावरून चढवलं तर फक्त नाळ, म्हणजे पुढचं टोक, थोडी दबते. त्या उतारावर मी तीन आडव्या पट्ट्या ठोकल्यात, नखं अडकायला.

खिळे मी जवळजवळ वापरलेच नाहीत. कडांना दर ६ इंचांवर छिद्र पाडून तांब्याच्या तारेनं प्लाय शिवला. तार आमच्याकडं पडलेलीच असते, १८ गेज बरी. आतून इपॉक्सीच्या गोंदात लाकडाचा बारीक भुसा कालवून सांध्यात त्याची गोलसर लांबी (पुटी) भरली, वर काचकापडाची (फायबरग्लासच्या कापडाची) पट्टी. बाहेरून तारा छाटल्या, कडा घासल्या, पुन्हा काचकापड. वरच्या काठाला सागवानाची पट्टी. सुतारानं बाभूळ सुचवली होती. बाभूळ चिवट खरी, पण होडी उचलायची आपल्यालाच आहे. दोन्ही टोकांना दीड-दीड घनफुटाचे कप्पे पूर्ण बंद केलेत. होडी पाण्यानं भरली तरी ते दोन्ही मिळून ८० किलोच्या आसपास वजन तोलून धरतात.

कप्प्याच्या तळाला काथ्याचं पायपुसणं घट्ट बसवा. पोतं नको, ते भिजून जड होतं आणि पायाखाली सरकतं. कुत्र्याला होडीला कधीही बांधू नका. होडी उलटली तर साखळी त्याला खाली धरून ठेवील. त्यापेक्षा पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घाला, म्हणजे बॅगेसारखं उचलता येतं. स्वतःलाही घाला. मी पहिल्या दिवशी घातलं नव्हतं. तेव्हा कप्प्याच्या फळ्याही बसवलेल्या नव्हत्या. वारकरी पाण्यावर धावत सुटला, खंड्या उठला, मी त्याला धरायला त्याच बाजूला गेलो. पाणी कमरेएवढं होतं म्हणून हे लिहितोय.

चाचणी म्हणूनच कमरेएवढ्या पाण्यात, काठावर दुसरा माणूस उभा करून घ्या. शेततळ्यात मुळीच नको. प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. कृष्णेतही नको. भिलवडी, औदुंबर, डिग्रजच्या लोकांना विचारा, तिथं मगरी आहेत, आणि काठावरून पाण्यात डोकावणारं कुत्रं त्यांना काय वाटेल ते सांगायला नको. कृष्णाकाठची माणसं पूर्वी गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडायची. त्यांची छाती मोठी. काहील गरगर फिरते, त्यात खंड्या अर्धा मिनिट टिकला नसता.

तलावावर जायच्या आधी ग्रामपंचायतीत आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्यात विचारा. मासेमारीचा ठेका घेतलेल्यांना जाळी कुठं लावलीत तेही विचारून घ्या. छोटा हत्ती टेम्पोचा हौदा सात फुटांचा, होडी पाच फूट बाहेर येते. मागं लाल फडकं बांधा.

रंग चिखलाचा, बिनचकाकीचा. मी आधी हौसेनं निळा दिला होता, चक्रवाकांनी तो पार पलीकडच्या काठावरून बघितला. आता वर मातकट रंग आहे, नि कडेला सुतळीच्या जाळीत लव्हाळा खोचतो.

आखणी पावसाळ्यात करा, चिकटवायचं काम नको. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट साय धरते. ऑक्टोबरच्या उन्हात काढलंत तर भल्या सकाळी, थोडं थोडं कालवून पसरट ताटलीत ओता. डब्यात ठेवलेलं तापून दगड होतं. माझे दोन डबे तसे झाले, त्यातला एक आता नांगर आहे.