वारांगरच्या थंडीत दुर्बिणीवर धुकं धरू नये म्हणून

नॉर्वेच्या वारांगरला मार्च-एप्रिलमध्ये गाईडबरोबर पक्षी पाहायला गेलं की दिवसभर उबदार व्हॅन आणि गोठलेला किनारा अशी ये-जा चालते. थंड काच गाडीत आली की दव धरते, बाहेर नेली की तेच गोठतं. तिथल्या वाड्सो गावाच्या बंदरात स्टेलर्स आयडर बदकं समोर तरंगत असतात आणि आपण काच पुसत बसतो!

१. दुर्बीण-कॅमेरा मांडीवर ठेवू नका. चेन लावलेल्या बॅगेत, मागे सामानात, हिटरपासून लांब ठेवा.

२. मुक्कामी आत शिरण्याआधी, बाहेरच, दुर्बीण आणि कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा. फोटो लगेच बघायचे असतील तर कार्ड तेवढं आधी काढून घ्या. खोलीत दोनेक तास तरी पिशवी उघडू नका. (हे जमणं सगळ्यात अवघड.)

३. बॅटऱ्यांचं मात्र उलट. जास्तीच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत.

काचेवर बर्फाचे कण पडले तर तोंडाने फुंकर मारू नका, श्वासातली वाफ तिथेच गोठते. मऊ ब्रशने झटका.